हिंगाची डबी

माझ्या आठ वर्षांच्या मुलीवर मी एकदा खोटा आळ घेतला. रागाच्या भरात नाही, शांतपणे, चहा पिता पिता, एका अनोळखी सज्जन माणसाला मेसेजमधून. त्याला आता वर्ष होत आलं. नवऱ्याला यातलं अर्धंमुर्धं ठाऊक आहे, बाकी कुणाला नाही. मला मात्र कधीही आठवतं आणि कानशिलं तापतात.

आमच्या खेळापासून सुरुवात करायला हवी. फोनमधलं एक ॲप नकाशावर ठिपका दाखवतं. त्या जागी कुणीतरी एक छोटी डबी लपवून ठेवलेली असते, आणि डबीत कागदाची गुंडाळी. डबी शोधायची, कागदावर आपलं नाव लिहायचं, आणि होती तशी परत ठेवून द्यायची. नंतर ॲपवर नोंद करायची, सापडली किंवा नाही सापडली. बक्षीस नाही, काही नाही. जगभर लोक खेळतात, जिओकॅशिंग म्हणतात त्याला. आम्ही घरात डबी-डबी म्हणतो. सासूबाईंना फोनवर हे सगळं समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे सापडली तरी घरी आणायची नाही? मग जाता कशाला?"

मी रेल्वेत इंजिनिअर आहे, पुलांचं काम बघते. बदली होऊन आम्ही लखनौला आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. महानगर नावाच्या वस्तीत पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं. सहा महिन्यांत तिचं मराठी कानात राहिलं आणि तोंडातून गेलं. मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं ठरूनच गेलं. मी ऑफिसातून नऊ-नऊ वाजता घरी यायची, तेव्हा ती अर्धी झोपेत असायची. रविवार तेवढा आमचा होता, आणि रविवारी आम्ही दोघी स्कूटरवरून डब्या शोधायला जायचो.

ते रविवार फार चांगले होते, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे लिहिताना ते विसरायला होईल. ती मागे बसून फोन धरायची आणि माझ्या पाठीवर बोट टोचून दिशा सांगायची. डावीकडे वळायचं असलं की डावा खांदा. वाटेत मीठ-तिखट लावलेला पेरू. एकदा गोमतीच्या काठी एका बाकाखाली हात घातला तर डबीऐवजी कुत्रीची चार पिल्लं निघाली, आणि पुढचा तासभर खेळ तिथेच राहिला. हे शहर मला तिने दाखवलं म्हणायला हरकत नाही. माझ्या ऑफिसातल्या जन्मापासून लखनौत राहणाऱ्या लोकांना ठाऊक नसलेल्या भिंती आणि झाडं आम्हाला ठाऊक होती.

या खेळाचा एक नियम असा, की न खेळणाऱ्यांना सुगावा लागू द्यायचा नाही, नाहीतर डबी चोरीला जाते. चारबागला स्टेशनबाहेर आम्ही एका कठड्याशी शोधत होतो, तर एका हमालाने विचारलं, "बिटिया, कुछ खो गया क्या?" ती पटकन म्हणाली, "जी, मेरी बाली।" झालं. त्याने आणखी तिघांना हाक मारली आणि चार म्हातारे हमाल गुडघ्यांवर बसून तिची न हरवलेली बाळी शोधू लागले. मला हसू आवरेना. ती मात्र रडकुंडीला आली. परत येताना तिने विचारलं, "आई, ये झूठ हुआ ना?" मी म्हटलं, "खेळातलं खोटं चालतं गं." तिला ते पटलं नाही. त्या दिवसापासून कुणी विचारलं की ती सरळ सगळा खेळ समजावून सांगायची, आणि मी शेजारी उभी राहून दात-ओठ खायची.

तशीच ती न सापडलेल्या डबीच्या बाबतीत. ॲपवर 'सापडली नाही' अशी नोंद केली की एक निळा, पडलेला चेहरा उमटतो. मला तो चेहरा डोळ्यांसमोर नको वाटायचा. तिला त्याचं काहीच नव्हतं. उलट तो तिला गोड वाटायचा. आम्ही चोवीस डब्या शोधल्या होत्या आणि सात शोधता आल्या नव्हत्या. हे दोन्ही आकडे ती सारख्याच आनंदाने सांगायची. मी फक्त पहिला सांगायची.

पंचविसावी डबी आमच्याच महानगरमधल्या एका लहान बागेत होती. मी काय केलं, तर घरातून निघायच्या आधीच माहेरच्या ग्रुपवर लिहिलं, "आज आमची पंचविसावी." माझ्या मोठ्या बहिणीची मुलं बुद्धिबळाच्या स्पर्धा जिंकतात, त्यांच्या चषकांचे फोटो त्या ग्रुपवर सारखे येत असतात. माझ्याकडे दाखवायला एवढंच होतं. लगेच अंगठे आले, बहिणीने विचारलं, "फोटो टाक हं." आणि आम्ही दोघी जानेवारीच्या धुक्यात, कानटोप्या घालून निघालो.

बागेत एक बंद पडलेला हँडपंप होता. डबी लपवणाऱ्याने खूण दिली होती, 'जहाँ से कभी पानी आता था'. खूण सोपी होती, म्हणून मी अर्ध्या तासानंतर चिडायला लागले. पंपाचा दांडा, खालचा ओटा, मागचं कुंपण, सगळं मी बघितलं. मुलगी म्हणाली, "आई, इसके मुँह में हाथ डालूँ?" मी ओरडले, "अजिबात नाही, पाल असेल आत. आणि मी बघितलंय ते." मी बघितलं नव्हतं. वाकून एक नजर टाकली होती, एवढंच. दीड तासाने आम्ही परत आलो. तिने जिन्यातच विचारलं, "निळा चेहरा लावायचा?" हे चक्क मराठीत. मी म्हटलं, "आज नको, पुढच्या रविवारी परत बघू."

तिकडे ग्रुपवर बहिणीने विचारलं होतं, "सापडली का गं?" मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तिने एक हसणारा चेहरा टाकला. पुढे मी जे केलं त्याला बस, एवढंच कारण. मुलीचा हिरमोड होऊ नये म्हणून केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं, पण मुलीचा हिरमोड झालाच नव्हता. तिने त्या दुपारी दोन पराठे खाल्ले आणि गाणी म्हणत बसली. हिरमोड माझा झाला होता.

त्याच आठवड्यात ऑफिसात मी एका ज्युनिअरचा पुलाचा अहवाल परत पाठवला होता. जागेवर न जाता टेबलाशी बसून त्याने मोजमापं भरली होती, ते एका नजरेत कळत होतं. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "नहीं नापा तो लिखिए कि नहीं नापा।" बिचारा लाल झाला. शनिवारी घरी येऊन मी हिंगाची रिकामी डबी धुतली, तिचं लेबल खरवडून काढलं, वर काळी टेप गुंडाळली, आत कागदाची पट्टी गुंडाळून ठेवली आणि दूध आणायला जाते सांगून बागेत गेले. हँडपंपामागच्या कुंपणाच्या भिंतीत एक वीट सैल होती. तिच्या मागे डबी सरकवली. हे सगळं करताना मला तो ज्युनिअर एकदाही आठवला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी डबी मुलीलाच सापडली. सापडेल अशाच जागी मी तिला उभं केलं होतं. तिने ती उघडली, नाकाजवळ नेली, क्षणभर थांबली. मग कागद उलगडून म्हणाली, "इसमें किसी का नाम नहीं है।"

"नवा कागद घातला असेल त्यांनी," मी म्हटलं. "बरं झालं, तुझं पहिलं नाव."

तिने आपल्या गोल गोल अक्षरात नाव लिहिलं. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, ॲपवर 'सापडली' अशी नोंद केली. पंचवीस. बहिणीने लिहिलं, "वा, जासूस." दिवसभर मी फार खुशीत होते, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी शिरासुद्धा केला.

महिन्याभराने ॲपवर हिंदीत एक मेसेज आला. ज्यांनी खरी डबी लपवली होती, त्या गृहस्थांचा. विकास नगरमध्ये राहणारे एक निवृत्त शिक्षक. ते अधूनमधून सायकलवरून येऊन आपल्या डब्या जागेवर आहेत का ते बघून जायचे. त्यांनी फार अदबीने लिहिलं होतं, की त्यांची डबी हँडपंपाच्या तोंडात वरच्या बाजूला चुंबकाने चिकटवलेली आहे आणि ती जागेवरच आहे. पण विटेमागे आणखी एक डबी मिळाली, आणि तिच्यात पहिलं नाव आपल्या बिटियाचं आहे. बाहेरगावचे एक खेळाडूही चुकून तिच्यातच नाव लिहून गेलेत. ही डबी कुणाची, आपल्याला काही कल्पना आहे का?

आमच्या खेळात या प्रकाराला फार वाईट समजतात. डबी सापडली नाही म्हणून स्वतःचीच डबी ठेवायची आणि सापडली म्हणून सांगायचं. पैशाचं नुकसान नाही, कुणाला इजा नाही, पण खेळच असा आहे की त्यात विश्वासाशिवाय दुसरं काही नाही. मी सोफ्यावर बसले होते, हातात चहा होता. मी खरं लिहायला बसले असते तर चार ओळी पुरल्या असत्या. मी लिहिलं, "माफ़ कीजिए, मेरी बेटी छोटी है। खेल-खेल में उसी ने रख दिया होगा। मुझे पता नहीं चला।"

पाठवलं आणि चहा संपवला. बटण दाबताना मन जरासुद्धा कचरलं नाही. लहान मुलीला कोण काय बोलणार, असा माझा हिशेब होता.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि ते आधी मुलीने वाचलं. रविवारचा ठिपका शोधायला ती माझा फोन घ्यायचीच. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. ती दारात येऊन उभी राहिली आणि वाचू लागली. हिंदी ती फार स्वच्छ वाचते. "बच्ची को बिल्कुल मत डाँटिएगा। इस उम्र में ऐसा हो जाता है। इतवार सुबह उसे लेकर बाग़ में आइए, हम असली डिब्बा उसी से ढुँढवाएँगे।"

मग तिने विचारलं, "मुझे किसलिए डाँटना था?"

मी म्हटलं, "त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय." हे दुसरं खोटं, आणि हे तर तिच्या तोंडावर. तिने अंगठ्याने स्क्रीन सरकवली आणि वरचा, माझा मेसेज वाचला. तिचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर तिने फोन ओट्यावर ठेवला, पालथा.

"उस डिब्बे में हींग की महक थी," ती म्हणाली.

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हाँ।"

"मग बोलली का नाहीस?"

"आप इतनी ख़ुश थीं।"

मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आली ती चीड. तिची नाही, स्वतःची, पण आवाज तिच्यावरच चढला. "मग हात घालते म्हणालीस तेव्हा घालायचा होतास सरळ," असं मी काहीतरी बोलून गेले. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मी ताट बाजूला सारलं आणि खाली बसले. म्हटलं, "डबी मी ठेवली. तुझं नाव मी सांगितलं. फार वाईट केलं मी. रविवारी आपण जाऊ आणि मी त्यांना खरं सांगेन."

"उनके सामने? आपको बुरा लगेगा।"

"लागू दे," मी म्हटलं. ती माझ्याबरोबर मटार सोलायला बसली. त्यानंतर त्या आठवड्यात आम्ही यावर बोललो नाही. मात्र शुक्रवारी निजताना तिने विचारलं, "वो अंकल ग़ुस्सेवाले तो नहीं हैं?" मी नाही म्हटलं.

रविवारी स्कूटर चालवताना मी हिंदीतली वाक्यं मनात जुळवत होते. एका शहाण्यासुरत्या बाईने, हाताखाली एवढी माणसं असलेल्या, एका म्हाताऱ्या मास्तरांना सांगायची चार वाक्यं, आणि ती कशी फिरवली तरी लाजच वाटत होती. मला वाटलं, मुलगी नसती बरोबर तर सोपं गेलं असतं. मग वाटलं, तिच्यासमोर सांगितलं नाही तर सांगण्यात अर्थच नाही.

ते आधीच येऊन बसले होते. बारीक अंगाचे, मफलर गुंडाळलेले, सायकल बाकाला टेकवलेली. आम्हाला पाहून उठून उभे राहिले, "आइए, आइए।" मुलीसाठी त्यांनी कागदाच्या पुडीत शेंगदाणे आणले होते. इतकं चांगलं वागणारा माणूस समोर असला की गुन्हेगाराला फार अवघड जातं. त्यांनी कोटाच्या खिशातून माझी काळ्या टेपची डबी काढली, तळहातावर ठेवली आणि मुलीसमोर धरली.

"ये आपका है, बेटा?"

मी म्हटलं, "असल में, सर..." आणि घसा खाकरला. फक्त घसा खाकरला. तेवढ्यात ती म्हणाली, "जी, मेरा है। मैंने रखा था। सॉरी, अंकल।"

ती माझ्याकडे बघत नव्हती. आवाज अगदी स्वच्छ होता, शाळेत पाठ म्हणून दाखवतात तसा. मला कळलं की तिने हे घरीच ठरवलं होतं. मी स्कूटरवर पुढे बसून माझी वाक्यं जुळवत होते, तेव्हा मागे बसून तीही आपलं वाक्य जुळवत होती.

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबाश। इतनी साफ़ बात बड़े-बड़े नहीं कह पाते।"

तेव्हा मात्र मी बोलले. "नहीं सर, इसने नहीं रखा। डिब्बा मैंने रखा था। और आपको झूठ भी मैंने ही लिखा। ये इसकी ग़लती बिल्कुल नहीं है।"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते हसले. "रहने दीजिए, मैडम। हम भी बाल-बच्चों वाले हैं। समझते हैं।"

"नाही, खरंच," मी चक्क मराठीत बोलले, मग परत हिंदीत आले. डबी कशी धुतली, टेप कुठली लावली, शनिवारी दुधाच्या निमित्ताने कशी आले, सगळं सांगितलं. बहिणीचंही सांगितलं. जितकं सांगत गेले तितकं ते रचलेलं वाटायला लागलं, मलासुद्धा. एवढी मोठी बाई एवढ्याशा गोष्टीसाठी असं करेल, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. ते मान डोलवत ऐकत राहिले, लहान मूल काहीतरी सांगत असलं की ऐकतात तसे. मुलगी माझी बाही धरून उभी होती आणि हळूच खाली ओढत होती. पुरे, आता पुरे, असं.

माझं बोलणं संपल्यावर मास्तर तिच्यापुढे वाकले. "देखो बेटा," ते म्हणाले, "तुम्हारी मम्मी तुम्हें बचाने के लिए अपने सिर इल्ज़ाम ले रही हैं। ऐसी माँ सबको नहीं मिलती। ये बात याद रखना।"

"जी," ती म्हणाली.

त्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी, काय करावं ते न सुचून, त्यांना हात जोडले.